बांडीला दिलेला सोडा

“तोंडाचा वास घ्या की मॅडम,” शालन म्हणाली. “आंबट येत न्हाई. म्हणून मी सोडा दिला न्हाई.”

तिनं गाईच्या तोंडात आडवा हात घालून जबडा उघडून धरला होता. मी वाकले, हुंगल्यासारखं केलं आणि सरळ झाले. खरं सांगायचं तर मला काहीही कळलं नाही. गाईच्या तोंडाला गाईच्या तोंडाचा वास येत होता.

“उलट जरासा गोड येतोय,” ती म्हणाली. “पेरू लई पिकल्यावर कसा येतो, तसा.”

तिचे सासरे, आबा नाळे, गोठ्याच्या उंबऱ्यावर गुडघे चोळत बसले होते. “आता वासावर रोग कळाय लागला,” ते म्हणाले. “चार दिस झालं कानीकपाळी वरडतोय, मूठभर सोडा घाल, मूठभर सोडा घाल. माझ्या आईनं सारी हयात सोड्यावर जनावरं जगवली. पर ऐकतंय कोण?”

“आबा, सोडा आंबट पोटाला देत्यात. पोट आंबट झालंय का न्हाई, हे तर कळू द्या आधी.”

“मग कळू दे की. बाई आल्यात न्हवं? सांगू दे त्यांनी.”

आणि दोघंही माझ्याकडे बघायला लागली.

ही गोष्ट एकोणीसशे त्र्याण्णवची. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. सोलापुरात वाढलेली, जनावरांच्या डॉक्टरकीची पदवी नुकती हातात आलेली, आणि फलटणकडच्या एका दूध संघात लागून नऊ महिने झालेले. शेरीवाडी धरून पंधरा वाड्या माझ्याकडे होत्या आणि त्या फिरायला संघानं एक लूना दिली होती. ती चढावर मला ओढण्याऐवजी मीच तिला ओढत असे.

त्या नऊ महिन्यांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, “मोठे डॉक्टर कवा येणार?” मीच मोठी डॉक्टर, असं सांगितलं की माणसं माझ्या दंडाकडे बघून विचारायची, “मग गाय पाडणार कोण?” माझ्या हातावर कुणाचा भरवसा नव्हता. पण एक गोष्ट माझ्या लवकरच लक्षात आली होती. थर्मामीटर काढला, काचेची नळी काढली, रंग बदलणारी कागदाची पट्टी काढली, की माणसं गप्प बसतात. हाताला जो मान मिळत नाही तो कागदाला मिळतो. मग मी काय, जिथं तिथं पट्ट्याच काढायला लागले.

शालनची गोष्ट वेगळी होती. तिनं मला पहिल्या दिवसापासून डॉक्टर मानलं. वयानं माझ्याएवढीच, शिक्षण सातवी. नवरा पुण्याला कंपनीत आणि घरी म्हातारा सासरा. आबांचे गुडघे गेले तेव्हा तिनं गोठा मागून घेतला होता. आबांनी दिला, पण एक अट घालून दिला. “तुझ्या मनासारखा चालव. पर एक जनावर जरी तुझ्या हातनं गेलं, तरी दावी माझ्या हातात.” आबा हे बोलून विसरूनही गेले असतील. शालन विसरली नव्हती. दोन वर्षांत तिनं एका गाईच्या तीन केल्या होत्या. कोण कधी माजावर आली, कधी व्याली, किती दूध दिलं, सगळं गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेलं. त्याआधी ती लोकांच्या उसात खुरपायला जात होती आणि त्या खुरप्याचा तिला मनापासून कंटाळा होता.

बांडी ही त्यांतली सर्वांत चांगली गाय. काळीपांढरी, दुसऱ्या वेताची, अकरा दिवसांपूर्वी व्यालेली. अठरा लिटरवर गेली आणि तिथून उतरायला लागली. पेंडीला तोंड लावेना. कडबा मात्र थोडा थोडा चघळायची. चौथ्या दिवशी दूध सहा लिटरवर आलं आणि शेण अगदी थोडं, चिकट, लेपासारखं पडायला लागलं, तेव्हा शालननं दुधाच्या गाडीवाल्याबरोबर मला निरोप धाडला.

मी ताप बघितला. नव्हता. डाव्या कुशीला स्टेथोस्कोप लावला. कोठीपोटाची, म्हणजे गाईच्या पहिल्या आणि सर्वांत मोठ्या पोटाची, घरघर फार मंद होती. मी नळ्या कानांतून काढल्या आणि गळ्यात टाकल्या.

“मॅडम,” शालन आबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “हिला काय झालं तर गोठा गेला माझा.”

“काही होत नाही,” मी म्हणाले. “मूत घेऊ आपण.”

तिनं बांडीच्या शेपटीखाली हलक्या हातानं चोळलं. जरा वेळानं गाय मुतली, आणि मी पट्टी धारेत धरली. निरोगी गाईचं मूत पट्टीवर हिरवट-निळं उमटतं. ही पट्टी पिवळीच राहिली, कडेला तर नारिंगी. आम्ल. मला इतका आनंद झाला की आज त्याची लाज वाटते. डबीच्या झाकणावर रंगांचा तक्ता होता. मी तो आबांच्या पुढ्यात धरला आणि पट्टी त्याच्या शेजारी ठेवली.

“हे बघा. हा निळा म्हणजे चांगला. हा पिवळा म्हणजे अंगात आम्ल वाढलंय. सोडाच द्यायला पाहिजे.”

आबांनी चष्मा नसलेले डोळे बारीक करून पट्टी बघितली, आणि मग सुनेकडे बघितलं.

शालननं पट्टी माझ्या हातातून घेतली. उजेडात धरून बराच वेळ बघितली. “मग वास का येत न्हाई?”

“वास फसवतो,” मी म्हणाले. “पट्टी फसवत नाही.”

मी शिरेतून सोड्याच्या दोन बाटल्या दिल्या. दुसरी बाटली निम्मी झाली असेल, तेव्हा बांडीच्या खांद्याची कातडी थरथरायला लागली.

“मॅडम, थरथरतीया.”

“औषध गार आहे,” मी म्हणाले.

शालननं पोतं आणून तिच्या पाठीवर टाकलं. मी पोटातून द्यायला खायच्या सोड्याच्या पुड्या बांधून दिल्या, शंभर शंभर ग्रॅमच्या. एक संध्याकाळी, एक पहाटे. निघताना आबा गुडघे धरत धरत उठले आणि लूनापर्यंत आले. “बरं झालं आलात, डॉक्टर,” म्हणाले. नऊ महिन्यांत मला डॉक्टर म्हणणारे ते पहिले पुरुष. मी परतीचा सगळा रस्ता गाणं म्हणत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दुधाची गाडी संघाच्या शीतकरण केंद्रावर आली. मी तिथंच होते. गाडीवाल्यानं कॅन उतरवायच्या आधीच सांगितलं, “नाळ्यांची गाय बसलीया. उठंना.”

मी पोचले तेव्हा बांडी छातीवर बसली होती, मान मागं वळवून कुशीवर टाकलेली. कान गार. मांडीचे स्नायू आपोआप उडत होते. शालन तिच्या डोक्याशी बसून होती आणि पुड्यांचे दोन्ही कागद तिनं नीट घडी करून कोनाड्यात ठेवले होते.

“तुमी सांगितल्यापरमानं दिला,” ती म्हणाली. “सांजच्याला एक, पाटं एक. सगळा पोटात गेला. थेंब सांडला न्हाई.”

“लागू पडाय येळ लागतोय,” आबा उंबऱ्यावरून म्हणाले. “उशीर केला न्हवं आपण. अजून एक बाटली लावा डॉक्टर.”

मी बॅगेतून सोड्याची तिसरी बाटली काढली. खरंच काढली. नळी जोडली, सुई काढली. सुई टोचायला मानेवर हात ठेवला तेव्हा जाणवलं की श्वासाबरोबर हलते तशी मान हलत नाही. म्हणजे श्वास फार हळू चालला होता. मी घड्याळ लावून मोजले. मिनिटाला आठ. अंगात आम्ल वाढलेलं जनावर धापा टाकतं, आणि ही तर श्वास घ्यायचाच विसरली होती. बाटली मी परत बॅगेत ठेवली.

“कुठं निघालात?” आबांनी विचारलं.

“फोन करून येते.”

फोन दोन किलोमीटरवर, परत त्या शीतकरण केंद्रातच होता. कॉलेजला लावला. आमच्या सरांना वर्गातून बोलवायला पाच मिनिटं गेली, आणि ती पाच मिनिटं मी टेबलाचा पापुद्रा नखानं सोलत उभी होते.

“सर, अकरा दिवसांची व्यालेली गाय. मूत आम्ल होतं. सोडा दिला. आज बसलीय.”

“श्वास?”

“आठ.”

“पेंड सोडली, वैरण थोडी खाते, शेण चिकट?”

“हो सर.”

“तोंडाला गोडसर वास?”

“मला नाही आला सर. तिची मालकीण म्हणत होती.”

“म्हणजे मालकिणीला रोग सापडला होता. डाव्या कुशीवर टिचकी मारून ऐकलंस?”

“नाही.”

“ऐक आता,” सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “गाईचं चौथं पोट आम्ल बनवतं. व्यायल्यावर आत जागा मोकळी होते. मग ते पोट हवेनं फुगतं, कोठीपोटाखालून सरकतं आणि डावीकडे वर जाऊन बसतं. आम्ल बनत राहतं, पण पुढं आतड्यात उतरत नाही. तिथंच कोंडतं, नाहीतर उलटं कोठीपोटात येतं. अंगातलं आम्ल असं पोटात अडकून पडलं, तर रक्तात काय उरेल?”

“अल्कली,” मी म्हणाले. आम्लाच्या नेमकं उलट.

“आणि सोडा काय आहे?”



“तोही अल्कलीच. पण सर, मूत तर आम्ल होतं. मी पट्टी—”

“मीठ संपलं, पोटॅशियम संपलं की मूत्रपिंड उलटं वागतं. रक्त अल्कली आणि मूत आम्ल. तिसऱ्या वर्षाला मी शिकवलंय हे. तू पहिल्या बाकावर होतीस.”

“आता काय करू?”

“साधं मिठाचं सलाईन दे. असेल तेवढं. मग माणसं गोळा कर, पाठीवर घेऊन लोळवा. पोट जागेवर आलं तर आलं.”

“वाचेल का सर?”

“सोडा दिला नसतास तर टेम्पोत घालून इकडं आणली असतीस. आम्ही टाके घालून पोट जागेवर बांधलं असतं. चौथ्या दिवशी पेंड खाल्ली असती तिनं. आता बोलत बसू नकोस. पळ.”

मी केंद्रातून सलाईनच्या होत्या तेवढ्या बाटल्या उचलल्या. आणि आणखी एक गोष्ट केली. दुधात कुणी मीठ घातलंय का, हे बघायला केंद्राच्या प्रयोगशाळेत दोन बाटल्या असत. दोन्हींतलं औषध एकत्र करून त्यात दूध टाकलं की चांगलं दूध विटकरी होतं आणि मिठाचं पिवळं. चौथ्या पोटातलं आम्ल अंगातल्या मिठापासूनच बनतं; ते मागं फिरलं असेल, तर कोठीपोटातल्या पाण्यात मिठाचा अंश वाढलेला सापडणारच. मी त्या बाटल्या बॅगेत टाकल्या. सर खोटे ठरावेत, एवढीच माझी इच्छा होती.

गोठ्यात येऊन मी आधी टिचकी मारली. डाव्या कुशीवर, शेवटच्या फासळ्यांवर स्टेथोस्कोप धरला आणि शेजारी बोटानं टिचकी दिली. रिकाम्या हंड्यावर बोट मारल्यावर येतो तसा लख्ख आवाज आला. काल तो असाच तिथं होता. मी ऐकला नव्हता, एवढंच.

सलाईन सुरू केलं. आबा वस्तीवरून माणसं आणायला काठी टेकत स्वतः गेले. तोवर मी बांडीच्या घशातून रबरी नळी घालून कोठीपोटातलं थोडं पाणी काढलं. शालननं ते धडप्यातून गाळून दिलं. स्टीलच्या पेल्यात दोन्ही औषधं ओतली आणि त्यात ते पाणी टाकलं.

पिवळं झालं. लगेच झालं.

“हे दुधाचं औषध न्हवं?” शालननं विचारलं. केंद्रावर तिनं ते शंभरदा बघितलं होतं. “पिवळं म्हंजे मीठ. हिच्या पोटात मीठ कुठनं आलं?”

“तिच्याच अंगातलं आहे.”

“अंगातलं सगळं पोटात गेलं, तर अंगात काय ऱ्हायलं?”

तिला तिसऱ्या वर्षाला कुणी शिकवलं नव्हतं. मी पेला मातीत ओतला. तेवढ्यात माणसं आली, आणि मला बोलावं लागलं नाही.

पाच जण होते. पुढचे पाय एका दोरात, मागचे एका दोरात. बांडीला उजव्या कुशीवर घेतली, मग पाठीवर. चारी पाय वर करून तिला डावीकडे, उजवीकडे असं झुलवत राहिलो. शालन डोकं धरून होती, शिंग मातीत रुतू नये म्हणून. ती काहीतरी बोलत होती गाईशी, अगदी हळू, शब्द कळत नव्हते. दोन-तीन मिनिटांनी तिला डाव्या कुशीवर उतरवली आणि उचलून परत छातीवर बसवली. मी घाईघाईनं स्टेथोस्कोप लावला. टिचकी मारली. आणखी मारली. पुढं, मागं, खाली.

तो आवाज गेला होता. पोट जागेवर बसलं होतं.

“बसलं,” मी ओरडले. “बसलं जागेवर!”

माणसं हसली. कुणीतरी तंबाखू मळायला घेतली. शालननं माझा हात असा घट्ट धरला की बोटांची हाडं दुखली. ती रडत होती आणि मीही रडत होते, आणि त्या क्षणी मला खरंच वाटलं की सुटलो आपण.

मग मी बांडीच्या फासळ्यांकडे बघितलं. श्वास आला. मी पुढच्याची वाट बघत राहिले. तो फार वेळानं आला. सलाईन चालू होतं, थेंब पडत होते, आणि माझ्या बॅगेत दुसरं काही नव्हतं. सोड्यावरचं औषध नसतं. एकदा शिरेत गेलेला सोडा बाहेर ओढून काढता येत नाही. मी त्या गाईशेजारी गुडघ्यांवर बसून दोन श्वासांतलं अंतर मोजत राहिले, कारण तेवढंच मला येत होतं. बाकीच्यांना वाटत होतं डॉक्टर काहीतरी तपासतायत.

दहा-बारा मिनिटं गेली असतील. एक श्वास आला आणि त्याच्यामागून दुसरा आला नाही. सलाईनचे थेंब मात्र पडतच राहिले. शेवटी शालननंच उठून नळीवरची चकती फिरवून ते बंद केलं.

आबांनी टोपी काढली. खाली बसता येत नसतानाही बसले आणि बांडीच्या कपाळावरून हात फिरवला. म्हातारा वाईट नव्हता. तो सुनेवर ओरडला असता तर मला त्याच्याशी भांडता आलं असतं.

“डॉक्टर,” त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता. “तुमी समद्या परीनं केलं, ते आमी डोळ्यानं बघितलं. आता खरं काय ते सांगा. येळेवर दिला असता सोडा, तर जगली असती का?”

पाच माणसं उभी होती. शेजारणी दारात आल्या होत्या. शालन सलाईनची नळी गुंडाळत होती, आणि तिचे हात थांबले.

सांगायचं वाक्य सोपं होतं. सोड्यानंच गेली, आणि तो मी दिला. सहा शब्द. ते माझ्या तोंडात तयार होते. मी आबांच्या तोंडाकडे बघितलं, काल त्यांनी मला डॉक्टर म्हटलं होतं. मी त्या पाच माणसांकडे बघितलं. ही गोष्ट सांजेपर्यंत पंधरा वाड्यांवर जाणार होती.

“मला आधी बोलवायला पाहिजे होतं,” मी म्हणाले. “चार दिवस फार झाले.”

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते म्हणता आलं. पण आबांनी विचारलं होतं सोड्याचं, आणि त्यांनी उत्तर घेतलं तेही सोड्याचंच. सगळ्यांनी तेच घेतलं. संघाच्या मृत्यूच्या कागदावर कारण लिहायचं असतं. मी लिहिलं, अपचन, उपचारास विलंब. खाली सही केली.

आबांनी शालनकडे बघितलं. रागानं नाही. “पोरी,” ते म्हणाले, “तुझ्या हाताला यश न्हाई गं.”

ती मला लूनापर्यंत सोडायला आली. बॅग तिनंच घेतली होती. लूना सुरू होईना, मी पायडल मारत राहिले, आणि ती बाजूला उभी होती.

“मॅडम, एक विचारू? काल बाटली चालू असताना ती थरथरली. तवापासनंच ती बिघडली. असं का झालं?”

सभोवती कुणी नव्हतं. आबा नव्हते, ती पाच माणसं नव्हती. विचारणाराही कुणी परका नव्हता, आणि तिच्या आवाजात आरोप नव्हता. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं, जसं तिला सगळंच जाणून घ्यायचं असायचं.

“अशक्तपणा होता,” मी म्हणाले.

तिनं मान हलवली. तिला पटलं. मी डॉक्टर होते.

आठ दिवसांत आबांनी उरलेल्या दोन गाई पुतण्याच्या गोठ्यात बांधल्या. हे मला दुधाच्या गाडीवाल्यानं सांगितलं. शेरीवाडीहून येताजाता शालन एकदोनदा दिसली, उसाच्या सरीत पाठमोरी. मी लूना थांबवली नाही. मनाशी मी रोज ठरवत होते की जाऊन सांगायचं, आबांना सांगायचं, निदान तिला एकटीला तरी. आणि रोज माझ्या सहीचा तो कागद आठवायचा. आता सांगायचं म्हणजे दोन खोटी कबूल करायची होती, नुसती एक चूक नव्हे. दिवसागणिक ते जड होत गेलं.

दीड महिन्यानं संघानं शेरीवाडीच्या शाळेत बायकांची सभा ठेवली. व्यायल्यानंतर गाईची निगा कशी राखावी, यावर मी बोलायचं होतं. चाळीसेक बायका आल्या होत्या. संघानं सगळ्यांना वह्या दिल्या होत्या. मी खुराकाचं सांगितलं, एकदम वाढवू नये हे सांगितलं, चौथ्या पोटाचं चित्रही फळ्यावर काढलं. सोड्याबद्दल मी बोलले नाही. ते टाळायला मला कुठून कुठून वळसे घालावे लागले, ते माझं मला माहीत.

“कुणाला काही सांगायचंय?” शेवटी मी विचारलं.

मागून शालन उठली. ती आल्याचं मला दिसलं नव्हतं. शेतातनं थेट आली होती, पदराला चिखल होता. आता गोठा नाही, तरी सभेला आली होती.

“मला सांगायचंय,” ती म्हणाली. बायका वळल्या. “समद्यांस्नी ठावं हाय, माझी बांडी गेली. आबा चार दिस म्हणत हुते सोडा दे, सोडा दे. मी दिला न्हाई. मला वाटलं, मला लई कळतंय. वास घेत बसले. मॅडमनी येऊन दिला, पर तवर येळ गेलती.” ती बोलत होती ते पाठ केल्यासारखं होतं. दीड महिना मनात घोळवलं असणार. “माझं झालं ते झालं. तुमी तसं करू नगा बायांनो. जनावरानं पेंड सोडली की वाट बघायची न्हाई. वास बघायचा न्हाई. त्याच सांजेला सोडा द्यायचा.”

एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. मग पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं पेन उघडून विचारलं, “किती द्यायचा, वैनी?”

शालन माझ्याकडे वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर जरा मोकळेपणा दिसत होता. आपल्या चुकीचा दुसऱ्या कुणाला तरी उपयोग होतोय, असं वाटणाऱ्या माणसाचा तो मोकळेपणा होता.

“माप मॅडमच सांगतील,” ती म्हणाली. “व्हय ना मॅडम?”

चाळीस बायका माझ्याकडे बघत होत्या. मी खडू उचलला. हात फळ्यापाशी नेला, आणि बराच वेळ तो तिथंच होता.

मग मी लिहिलं. खायचा सोडा, शंभर ग्रॅम, सकाळ-संध्याकाळ.

बायकांनी ते वहीत उतरवून घेतलं.